नव्या यकृतात जुनी चरबी

"जुनं लिव्हर काढून टाकलं, दुसऱ्याचं धडधाकट लिव्हर बसवलं. मग दोन वर्षांत सोनोग्राफीत पुन्हा फॅटी लिव्हर कसं काय निघालं?" प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या घरची माणसं हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यात कुतूहल कमी आणि धास्ती जास्त असते. ऑपरेशनसाठी पैसा उभा करताना घर घाईला आलेलं असतं. बायकोने नाहीतर भावाने स्वतःच्या यकृताचा निम्म्याहून जास्त भाग दिलेला असतो. त्यामुळे लगेच दुसरा प्रश्न येतो: "हे तर दारूच्या थेंबालाही शिवले नाहीत." आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून: "दिलेलं लिव्हरच खराब होतं का?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. फॅटी लिव्हर हा आजार दिसतो यकृतात, पण त्याची बरीचशी तयारी यकृताबाहेर होते. शस्त्रक्रियेत यकृत बदललं जातं, बाहेरचं सगळं आहे तसंच राहतं. हे नीट समजायला आधी यकृतात चरबी येते कुठून ते पाहू.

१. चरबी येते कुठून?

पूर्वी घरोघरी धान्याच्या कणग्या असत. पीक बेताचं आलं की सगळं कणगीत मावायचं आणि वर झाकण बसायचं. जास्त आलं, किंवा झाकणच सैल झालं, की धान्य माजघरात पसरायचं. आपल्या शरीरात कातडीखालचा चरबीचा थर ही कणगी. खाल्लेलं जे खर्च होत नाही ते तिथे साठतं. ते तिथेच राखण्याचं, म्हणजे झाकणाचं काम करतं इन्शुलिन. पोट सुटलं, हालचाल कमी झाली, आनुवंशिकतेने हात दिला की पेशी इन्शुलिनचं पूर्वीसारखं ऐकेनाशा होतात. झाकण सैल पडतं आणि चरबी रक्तात उतरून यकृताकडे वाहू लागते. यकृत हे आपलं माजघर.

यातला वाटा किती कुणाचा, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये मोजलं. फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णांना त्यांनी खुणेचे अणू जोडलेली द्रव्यं दिली आणि नंतर बायोप्सीच्या तुकड्यात ती खूण शोधली. यकृतातल्या १०० ग्रॅम चरबीपैकी ५९ ग्रॅम शरीराच्या साठ्यातून, म्हणजे कणगीतून आलेली होती. २६ ग्रॅम यकृताने स्वतःच साखर-पिठापासून बनवली होती. रोजच्या जेवणातल्या तेला-तुपातून थेट आलेली होती फक्त १५ ग्रॅम.

हे आकडे आपल्याकडच्या पथ्याच्या कल्पनांना जरा धक्का देणारे आहेत. फॅटी लिव्हर निघालं की घरात पहिली कुऱ्हाड पडते ती वरणभातावरच्या तुपावर. सकाळचा दोन चमचे साखरेचा चहा, त्याबरोबरची खारी, दुपारचं कोल्ड्रिंक आणि रात्रीचा दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात मात्र सुखरूप राहतात. तुपाला मोकळं रान द्या असं नाही. पण १५ ग्रॅमच्या मागे लागून २६ आणि ५९ कडे पाठ फिरवणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

आता मूळ प्रश्न पुन्हा विचारा. शस्त्रक्रियेत काय बदललं? माजघर. कणगी तीच, झाकण तेच, येणारं पीकही बहुधा तेच.

२. चरबीपासून सिरोसिसपर्यंत

यकृताच्या शंभरातल्या पाचाहून जास्त पेशींमध्ये चरबीचे थेंब दिसले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबते. काहींच्या यकृताला या चरबीमुळे सूज येते, पेशी फुगतात, मरतात. जखम भरताना जसा वण पडतो तसे चिवट तंतू तयार होतात. वर्षानुवर्षं हे चाललं की सगळं यकृत गाठीगाठींचं, कडक होतं. हाच सिरोसिस. मग पोटात पाणी, रक्ताच्या उलट्या, ग्लानी, आणि शेवटी प्रत्यारोपणाची यादी.

दारू न पिणाऱ्यांनाही हे होतं, हे डॉक्टरांच्या गळी उतरायला वेळ लागला. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे पॅथॉलॉजिस्ट युर्गेन लुडविग यांनी २० रुग्णांचा लेख प्रसिद्ध केला. बायोप्सी पाहिली तर हुबेहूब दारुड्याचं यकृत, आणि रुग्ण तर पीत नाही म्हणून सांगतो. बरेचसे स्थूल होते, अनेकांना मधुमेह होता. लुडविगनी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला आणि या आजाराला वेगळं नाव दिलं. तोवर अशा कितीतरी माणसांना चोरून पिणारे ठरवलं गेलं असेल.

पण यातलं खरं गुप्तहेरकथेसारखं प्रकरण पुढेच आहे. सिरोसिसच्या शेवटच्या टप्प्यावर यकृतातली चरबी पुष्कळदा नाहीशी होते. यकृत इतकं कडक झालेलं असतं की आतड्याकडून येणारं रक्त त्याला वळसा घालून निघून जातं, रुग्णही खंगलेला असतो. चोर येऊन गेला, घर उद्ध्वस्त केलं, पण पुरावा म्हणून काही उरलं नाही, अशी ही अवस्था. अशा रुग्णाला हिपॅटायटिस नाही, दारू नाही, दुसरं काही कारण सापडत नाही. त्याच्या फाइलवर 'कारण अज्ञात' असा शेरा पडायचा.

या अज्ञात-कारणवाल्यांची प्रत्यारोपणं झाली आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत नव्या यकृतांच्या बायोप्सी आल्या. त्यातल्या बऱ्याच तुकड्यांत पेशीपेशीत चरबी भरलेली, काहींत सूजही होती. २००० च्या आगेमागे वेगवेगळ्या केंद्रांमधून असे लेख येऊ लागले. नवीन यकृतात परतलेल्या आजाराने जुन्या यकृताचा मारेकरी कोण होता ते सांगून टाकलं. मग जुन्या फाइली उघडल्या तर मधुमेह आणि वाढलेलं वजन तिथे नोंदलेलं होतंच. कुणी त्यावरून बोट फिरवलं नव्हतं.

३. पुणे आणि लहान कणगी

"पण हे काही जाडे नव्हते हो." हेही आपल्याकडे नेहमी ऐकू येतं आणि ते खरंही असतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचं एक छायाचित्र छापलं. शेजारी शेजारी उभे दोन संशोधक, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत ते गाठणं, अशी याज्ञिकांची मिस्कील कबुली. मात्र हा फरक केवळ धावण्याचा नव्हता. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात दिसलं होतं की तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळांपुढे अगदीच किरकोळ. पण हा तुटवडा मुख्यतः स्नायूंचा आणि अवयवांचा होता. चरबीत ती फारशी मागे नव्हती.

आपली कातडीखालची कणगी लवकर भरते, आणि भरली की उरलेली चरबी पोटात, यकृतात जाते. म्हणून आशियाई लोकांसाठी बॉडी मास इंडेक्सची धोक्याची पातळी २५ ऐवजी २३ वर आणली आहे आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटर झाली की सावध व्हायला सांगतात. प्रत्यारोपणानंतर "वजन तसं काही फार नाही" या बोलण्यावर आपल्याकडे विसंबता येत नाही, ते यामुळे. वजनकाट्याइतकंच शिंप्याच्या टेपकडेही लक्ष हवं.

४. ऑपरेशननंतरचं वर्ष

चरबीच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक काळ हा असतो, आणि नेमका त्याच काळात सगळे आनंदात असतात.

आजारी यकृताच्या माणसाची भूक मेलेली असते. महिनोन् महिने मीठ कमी, पाणी मोजून, दोन घासांत पोट गच्च. नवं यकृत काम करू लागतं आणि काही आठवड्यांत भूक खवळून उठते. घरच्यांना वाटतं, खाऊ दे, आता कुठे रंग आलाय तोंडावर. त्यात सुरुवातीला स्टेरॉइड असतात. ती भूक वाढवतात, साखर वाढवतात, चरबी नेमकी पोटावर आणून ठेवतात. बहुतेक ठिकाणी काही महिन्यांत ती कमी करत बंद करतात. पण टॅक्रोलिमस बहुधा आयुष्यभर राहतं. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या एका जीवाणूपासून १९८४ मध्ये सापडलेल्या या औषधामुळे प्रत्यारोपणाचं चित्रच पालटलं, कारण शरीराने नवा अवयव नाकारण्याचं प्रमाण त्याने खाली आणलं. त्याची दुसरी बाजू अशी की ते स्वादुपिंडाचा इन्शुलिन सोडण्याचा हात आखडतं. ज्याला कधी मधुमेह नव्हता त्याला तो होऊ शकतो, होता त्याचा बळावतो. त्याच कामाच्या सायक्लोस्पोरिनने रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल चढतं. एव्हरोलिमस गटातल्या औषधांनी वजन तुलनेने कमी वाढतं, पण कोलेस्टेरॉल वाढतंच.

म्हणून पुन्हा चरबी आली की "तुम्ही पथ्य पाळलं नाही" असं रुग्णाला फैलावर घेणं मला अन्यायाचं वाटतं. त्याची भूक, त्याची औषधं आणि त्याची जुनी प्रकृती, तिन्ही एकाच दिशेने ओढत असतात.

वजनकाटाही या वर्षात फसवतो. एक हिशेब करून पाहू. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एका माणसाचं वजन ८० किलो आहे. पोटात आणि पायांत मिळून १० लिटर पाणी साचलंय, म्हणजे १० किलो. खरं वजन ७०, तेही स्नायू झडलेले. वर्षभराने काटा पुन्हा ८० दाखवतो. घरी सगळे खूश, "वजन होतं तेवढंच आहे." पण पाणी तर गेलंय. म्हणजे वर्षात १० किलोंची भर पडली, आणि व्यायाम केला नसेल तर त्यातला मोठा भाग चरबीचा. तुलना करायचीच तर ऑपरेशनच्या आधीच्या नाही, पाणी उतरल्यानंतरच्या वजनाशी करावी.

५. परत येतो म्हणजे किती?

नव्या यकृतात थोडीफार चरबी पुन्हा दिसणं हे नेहमीचंच आहे. फॅटी लिव्हरमुळे प्रत्यारोपण झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांत काही वर्षांत ती दिसते. सूज येणाऱ्यांचं प्रमाण त्याहून कमी. पुन्हा सिरोसिसपर्यंत जाणारे पहिल्या दहा वर्षांत शंभरात मोजकेच, आणि त्यामुळे दुसरं प्रत्यारोपण करावं लागणं दुर्मीळ.

हिपॅटायटिस सी शी तुलना केली की हा वेग लक्षात येतो. रक्तात विषाणू असताना प्रत्यारोपण झालं तर तो नव्या यकृताला जवळजवळ हमखास धरायचा आणि पुष्कळांचं नवं यकृत काही वर्षांतच कडक करायचा. २०१३ नंतर आलेल्या गोळ्यांनी तो प्रश्न बराचसा मिटवला. चरबीचा आजार तितका घाईत नसतो. तो पहिल्यांदा येतानाही वीस-तीस वर्षं घेऊन आलेला असतो.

मग काळजी कशाची? हृदयाची. या रुग्णांच्या रक्तवाहिन्यांनीही तीच वीस-तीस वर्षं साखर, रक्तदाब आणि चरबी सोसलेली असते. प्रत्यारोपणाचं पहिलं वर्ष पार पडलं की पुढच्या काळात जीव घेणाऱ्या कारणांमध्ये हृदयविकार आणि कर्करोग वरच्या रांगेत असतात. परतलेलं फॅटी लिव्हर त्यांच्या बरंच मागे. सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन चिंतेत पडलेल्या माणसाला बीपीची गोळी वेळेवर घेतो का, हे विचारावं लागतं ते त्यामुळे.

आणखी एक गोष्ट. ज्यांचं यकृत हिपॅटायटिस बी ने किंवा दारूने गेलं होतं, ज्यांना पूर्वी कधी फॅटी लिव्हर नव्हतं, अशांच्याही नव्या यकृतात चरबी येऊ शकते. वजन आणि औषधं त्यांच्याही वाट्याला तीच असतात.

६. कळतं कसं?

रक्ताच्या तपासणीतले एसजीपीटी वगैरे आकडे नॉर्मल असतानाही चरबी असू शकते. साध्या सोनोग्राफीत ती २० ते ३० टक्के पेशींत भरल्यावरच खात्रीने दिसते. फायब्रोस्कॅन बरगड्यांमधून एक हलका धक्का देऊन यकृत किती कडक आहे आणि त्यात चरबी किती आहे याचे दोन वेगळे आकडे देतं. काळजीचा आकडा कडकपणाचा. चरबी उतरते, तंतू सहजी उतरत नाहीत. मात्र प्रत्यारोपित यकृत इतर कारणांनीही कडक लागू शकतं, जसं शरीराने ते नाकारायला सुरुवात केली असेल तर, किंवा पित्तनलिका अरुंद झाली असेल तर. शंका उरली की बायोप्सी. चरबी समजून औषधं कमी केली आणि खरा प्रकार नाकारण्याचा निघाला तर गाठ जिवाशी असते.

७. करायचं काय?

वजन उतरवणं हाच आजवरचा सगळ्यात पक्का उपाय. प्रत्यारोपण न झालेल्या रुग्णांवरच्या अभ्यासातून एक शिडी हाती आली आहे. वजन ५ टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी होते, ७ टक्के उतरलं की सूज ओसरू लागते, १० टक्के उतरलं की कित्येकांचे तंतूही मागे हटतात. ८० किलोच्या माणसासाठी हे झाले ४ किलो, साधारण साडेपाच किलो आणि ८ किलो. महिन्याला एक किलो धरलं तर आठ महिन्यांचं काम. पण उपास करून नाही. झडलेले स्नायू परत यायचे तर डाळी, उसळी, अंडी, मासे, दही हे ताटात हवंच, आणि चालण्याबरोबर थोडं वजन उचलणंही. स्नायू हे साखर खपवणारं मोठं गिऱ्हाईक आहे.

काही माणसं यादीवर असताना मनावर घेऊन वजन उतरवतात आणि ऑपरेशननंतर त्यातली पुष्कळ ते परत कमावतात. मेयो क्लिनिकने अतिस्थूल रुग्णांत प्रत्यारोपणाच्या वेळीच जठर लहान करण्याची शस्त्रक्रियाही केली, आणि त्यांच्यात उतरलेलं वजन टिकलं. सगळ्यांना झेपणारा मार्ग नाही हा, पण वजन टिकवणं केवळ निर्धाराचं काम नसतं एवढं त्यातून दिसतं.

औषधांत टॅक्रोलिमसचा डोस सुरक्षित असेल तितका कमी ठेवणं, स्टेरॉइड लवकर थांबवणं ही डॉक्टरांची कामं. स्वतःच्या मनाने गोळी अर्धी करणं हा उपाय नव्हे. अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या सुजेसाठी मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड मंजूर झालं. पण ज्या चाचण्यांवर ही मंजुरी मिळाली त्या प्रत्यारोपण न झालेल्या रुग्णांवरच्या होत्या. मधुमेहासाठी सेमाग्लुटाइड वापरलं जातं तेही टॅक्रोलिमसच्या पातळीवर नजर ठेवून.

घरगुती उपायांबद्दल दोन गोष्टी, कारण दिवाळीच्या सुमारास त्या हमखास घडतात. पपनस खाऊ नये. त्यातली द्रव्यं टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढवतात. आणि 'लिव्हर साफ करणारा' काढा, विशेषतः गुळवेलीचा, घेऊ नये. प्रतिकारशक्ती वाढवते अशी तिची ख्याती आहे, आणि इथे तर सगळी धडपड ती दाबून ठेवण्याची आहे. शिवाय कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्यांमध्ये यकृताला इजा झाल्याची उदाहरणं मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहेत. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. प्रत्यारोपण झालेल्याने त्या वादाच्या निकालाची वाट पाहण्याचं कारण नाही.

८. घरातलाच डोनर

सुरुवातीचा तिसरा प्रश्न राहिला: दिलेलं यकृतच खराब होतं का?

भारतात १९९८ मध्ये दिल्लीत पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं ते एका लहान मुलाचं, आणि यकृताचा भाग दिला होता वडिलांनी. आजही आपल्याकडची बहुतेक यकृतं जिवंत नातेवाईकांकडूनच येतात. रुग्णाच्या वजनाच्या किमान ०.८ टक्के वजनाचा तुकडा लागतो, म्हणजे ७५ किलोच्या माणसाला ६०० ग्रॅम. त्यात चरबी जास्त असेल तर तो तुकडा वजनात भरला तरी कामात कमी पडतो. म्हणून डोनरच्या यकृतातली चरबी सीटी स्कॅनने, गरज पडली तर एमआरआय किंवा बायोप्सीने मोजली जाते आणि मर्यादेबाहेरची यकृतं सरळ नाकारली जातात. तेव्हा उत्तर: नाही, तपासल्याशिवाय कुणी घेतलेलं नसतं.

पण उत्तराला एक शेपूट आहे. अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी २००८ मध्ये यकृतात चरबी साठण्याशी निगडित असा एका जनुकाचा प्रकार शोधला. हे जनुक मुख्यतः यकृतातच काम करतं. नवं यकृत येताना डोनरचं जनुक घेऊन येतं. डोनर परका असेल तर फासा नव्याने पडतो. डोनर भाऊ किंवा मुलगा असेल तर रुग्णाचंच जनुक नव्या यकृतातूनही येण्याची शक्यता बरीच असते. बायको डोनर असेल तर रक्ताचं नातं नसतं, पण पंचवीस वर्षं दोघांचं जेवण एकाच कढईत शिजलेलं असतं.

'यकृतात चरबी आहे, वजन कमी करून या' असं सांगून परत पाठवलेले डोनर सहा-आठ आठवड्यांत सात-आठ किलो उतरवून येतात. रोज पहाटे चालतात, रात्री नुसती भाजी नि सूप. नवऱ्याचा किंवा भावाचा जीव टांगणीला असतो, त्यामुळे हे जमतं. शस्त्रक्रियेनंतर उरलेलं यकृत दोन-तीन महिन्यांत जवळपास पूर्वीएवढं वाढतं, टाके सुकतात, आणि डोनरचं हॉस्पिटलात येणं हळूहळू थांबतं. उतरवलेले किलो त्याच्याही अंगावर परत येऊ शकतात. त्याची साखर आणि कंबर रुग्णाच्या तपासणीच्या दिवशीच पाहून घेता येते. क्लिनिकमध्ये वजनकाटा असतोच, आणि दोघं बहुधा एकाच रिक्षाने आलेले असतात.